दाताचे दुखणे अंगावर काढू नये

कळव्याच्या मनीषानगर भागात आमच्या शेजारी एक अण्णा राहतात. मूळचे सांगलीकडचे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात सारी हयात घालवून निवृत्त झालेले, नियमित स्वाध्याय करणारे, सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणारे गृहस्थ. काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वाच्या तोंडावर त्यांची खालची शेवटची दाढ ठणकू लागली. काकूंनी दंतवैद्याकडे चलण्याचा आग्रह धरला. अण्णा म्हणाले, “पर्व पार पडू दे. आता दाढ काढली तर तोंडातून रक्त येणार, औषधे वेळी-अवेळी घ्यावी लागणार, नियम मोडणार. दहा दिवसांनी काय बिघडते?”

लवंगेचे तेल झाले, वेदनाशामक गोळी झाली, आणि दोन दिवस ठणका थांबलाही. चौथ्या दिवशी गाल सुजला. सहाव्या दिवशी सूज हनुवटीखाली उतरली व हाताला लाकडासारखी टणक लागू लागली. त्या संध्याकाळी अण्णांना लाळ गिळता येईना. जीभ वर उचलली गेली होती, बोलणे घोगरे झाले होते आणि आडवे पडले की श्वास कोंडत होता. मध्यरात्री त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. हनुवटीखाली छेद घेऊन पू काढण्यात आला, रोगाचे मूळ असलेली दाढ काढण्यात आली, आणि पुढले काही दिवस शिरेतून औषधे चालू राहिली. अण्णा त्यातून सुखरूप बाहेर आले. घरी परतल्यावर ते जे म्हणाले ते आजही स्मरणात आहे: “ज्या चार गोळ्यांसाठी नियम मोडेल म्हणून भ्यालो, त्याच्या दसपट औषध रात्री-अपरात्री घ्यावे लागले. अर्ध्या तासाचे काम होते. मीच ते मोठे केले.”

अण्णांचे हे उद्गार म्हणजेच या लेखाचे सार आहे. मुखातील बहुतेक शस्त्रक्रिया वेळेवर केल्या तर लहान असतात. त्यांना मोठे रूप येते ते आपल्या चालढकलीमुळे.

भीतीचे मूळ

दात काढण्याची धास्ती आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहे, आणि ती निराधारही नव्हती. दोनशे वर्षांपूर्वी दात काढणे म्हणजे जिवंत माणसाला घट्ट धरून चिमट्याने केलेली ओढाताणच असे. 1844 साली अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली आणि वेदनेविना शस्त्रक्रिया होऊ शकते याचा अनुभव घेतला. पुढे 1943 मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन हे औषध तयार केले. आपल्याकडे त्यालाच लिग्नोकेन म्हणतात. आज दंतवैद्य हिरडीत जे बधिरतेचे इंजेक्शन देतात, त्यात बहुधा हेच औषध असते. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला दाब जाणवतो, हालचाल जाणवते, परंतु वेदना जाणवत नाही. ओठ व गाल दोन-तीन तास जड राहतात, एवढेच.

दंतवैद्याचे शिक्षण पाच वर्षांचे. त्यानंतर तीन वर्षांचे विशेष शिक्षण घेऊन मुख व जबडा शल्यचिकित्सक तयार होतो. साधा दात काढण्याचे काम कोणताही प्रशिक्षित दंतवैद्य करतो. अवघड अक्कलदाढ, जबड्यातील गाठी, जबड्याचे अस्थिभंग आणि पसरलेला जंतुसंसर्ग ही मुख्यतः शल्यचिकित्सकाची कामे होत.

दात केव्हा काढावा

पहिले तत्त्व असे की, वाचू शकणारा दात वाचवावा. कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचली तरी रूट कॅनाल करून व वर टोपी बसवून तो दात पुष्कळ वर्षे वापरता येतो. मात्र दात मुळापासून उभा चिरला असेल, हिरडीच्या जुनाट रोगाने भोवतीचे हाड झिजून तो डुलत असेल, किंवा भरण्याजोगा भागच उरला नसेल, तर तो काढणे हिताचे असते. असा दात म्हणजे जंतूंचे घर. तो शेजारच्या निरोगी दातांचे हाड पोखरतो, मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर आवाक्यात येऊ देत नाही आणि चघळण्याची बाजू बदलायला लावून दुसऱ्या बाजूच्या दातांवर भार टाकतो. एक दात गमावून चार राखता येतात, हा या शस्त्रक्रियेचा खरा लाभ.

अक्कलदाढेचे दुखणे

तिसरी दाढ साधारणपणे सतरा ते पंचवीस या वयात येते. शहाणपणाच्या वयात येणारी म्हणून ती अक्कलदाढ. पुष्कळांच्या जबड्यात तिला जागाच नसते. मग ती आडवी वाढते, पुढच्या दाढेला टेकते, किंवा अर्धी हिरडीखाली आणि अर्धी बाहेर अशी अडकून राहते. हिरडीच्या त्या झाकणाखाली अन्नकण साचतात, सूज येते, तोंड उघडेनासे होते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी व औषधाने सूज ओसरते. पण दाढ तशीच राहिल्यामुळे काही महिन्यांनी दुखणे पुन्हा उद्‌भवते.

अशा दाढेसाठी हिरडीला छोटा छेद देतात, आवश्यक तेवढे हाड दूर करतात, बऱ्याच वेळा दाढेचे दोन-तीन तुकडे करून ती काढतात आणि टाके घालतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना पुरवणारी एक नस जाते. तिचे दाढेच्या मुळाशी अंतर किती, हे पाहण्यासाठी आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढावा लागतो. क्वचित प्रसंगी ही नस दुखावून ओठाला काही काळ बधिरपणा येतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी याविषयी मोकळेपणाने विचारावे. तरुण वयात मुळे पूर्ण वाढलेली नसतात व हाडही लवचिक असते. त्यामुळे त्रास देणारी अक्कलदाढ विशीत काढणे हे पन्नाशीत काढण्यापेक्षा सोपे जाते. परंतु मुळीच त्रास न देणारी, सरळ आलेली, नीट घासता येणारी दाढ केवळ ‘अक्कलदाढ आहे’ म्हणून काढण्याचे कारण नाही.

पू साचला तर

अण्णांच्या बाबतीत नेमके काय घडले ते समजून घेण्याजोगे आहे. किडलेल्या दाढेच्या गाभ्यातून जंतू मुळाच्या टोकाशी उतरतात आणि तेथे पू साचतो. खालच्या मागील दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्या पातळीपेक्षाही खाली पोहोचत असल्यामुळे तेथील पू सहज हनुवटीखालच्या पोकळीत शिरतो. दोन्ही बाजूंनी सूज आली की जीभ वर ढकलली जाते व श्वासमार्ग अरुंद होतो. या अवस्थेचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 मध्ये केले, आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्रतिजैविके येण्यापूर्वी या विकाराने अनेकांचे प्राण घेतले. आजही तो तातडीचा आजार मानला जातो.

येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. औषधाच्या दुकानातून आणलेल्या दोन-चार प्रतिजैविक गोळ्यांनी ठणका थांबतो, म्हणून रोग गेला असे आपण समजतो. वस्तुतः साचलेल्या पुवात औषध नीट पोहोचत नाही. पुवाला वाट करून देणे आणि रोगाचे मूळ, म्हणजे तो दात, काढणे अथवा त्याचे रूट कॅनाल करणे हाच उपचार. ठणका अचानक थांबण्याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की दाताची नस मेली; जंतू मात्र जिवंत आहेत.

गिळता न येणे, तोंड न उघडणे, हनुवटीखाली टणक सूज, डोळ्यापर्यंत चढणारी सूज, ताप, श्वासाला त्रास: यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे.

मुळाच्या टोकाशी असलेली गाठ

कधी कधी नीट रूट कॅनाल होऊनही मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग टिकून राहतो. तेव्हा हिरडी उघडून मुळाचे टोक कापतात, भोवतीचा दूषित भाग खरवडतात व टोक खालून बंद करतात. त्यामुळे दात वाचतो. जबड्याच्या हाडात द्रवाने भरलेली पुटीही निर्माण होऊ शकते. ती वर्षानुवर्षे न दुखता वाढते आणि हाड आतून पोकळ करते. एक्स-रेमध्ये ती योगायोगानेच सापडते. वेळीच काढली तर हाड पुन्हा भरून येते. दुर्लक्ष झाले तर जबडा किरकोळ धक्क्यानेही मोडू शकतो. काढलेली पुटी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलीच पाहिजे.

गेलेल्या दाताची जागा

दात गेल्यावर ती जागा रिकामी ठेवली तर शेजारचे दात तिकडे कलतात, समोरचा दात लांबतो आणि जबड्याचे हाड झिजते. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे सशांच्या हाडांवर संशोधन करीत असता, टायटॅनियमचा तुकडा हाडाशी एकजीव होतो असे त्यांना आढळले. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खिळे बसवले. तेच आजचे इम्प्लांट. खिळा हाडात रुजण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. त्यानंतर त्यावर कृत्रिम दात बसतो. उपचार खर्चिक असल्याने तो प्रत्येकाने करावा असे नाही. जवळच्या दातांचा आधार घेणारा पूल किंवा काढता-घालता येणारी कवळी हे पर्यायही चांगलेच आहेत.

सुपारीविषयी दोन शब्द

आपल्या घरांत तंबाखू बहुधा वर्ज्य असते, त्यामुळे मुखाचा कर्करोग हा आपला विषय नव्हे असे आपण मानतो. परंतु जेवणानंतर सुपारीचे खांड किंवा सुगंधी सुपारीची पुडी अनेक घरांत निर्दोष मुखवास म्हणून चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये केवळ सुपारीलाही, तंबाखूविना, कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीच्या सततच्या सेवनाने गालाचे आतील अस्तर पांढुरके व ताठर होते, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड उघडणे कमी होते. आपल्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात का, हे प्रत्येक सुपारीप्रेमी व्यक्तीने आजच पाहावे.

पंधरा दिवसांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, गालात लागणारी गाठ यांसाठी बायोप्सी करतात. बधिरतेच्या इंजेक्शनखाली तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. एखाददुसरा टाका पडतो. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही समजूत चुकीची आहे. निदान लवकर झाले तर शस्त्रक्रिया लहान होते, आणि उशीर झाला तर जबड्याचा भाग गमवावा लागतो. मुखाच्या सर्व शस्त्रक्रियांत ही सर्वांत लहान, आणि जीव वाचवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी.

नियम आणि उपचार

आता अण्णांच्या मूळ शंकेकडे येऊ. व्रतनियम सांभाळून उपचार घेता येतात का? बहुतांशी येतात, त्यासाठी आधी विचारावे लागते.

बधिरतेचे इंजेक्शन घेऊन करायच्या शस्त्रक्रियेसाठी उपाशीपोटी जाऊ नये. उपवासाच्या दिवशी ती ठरवू नये. पारण्यानंतरचा दिवस बरा. वेळ सकाळची मागावी, म्हणजे रक्तस्रावावर दिवसा लक्ष ठेवता येते आणि बधिरता उतरून सूर्यास्तापूर्वी मऊ आहारही घेता येतो. सूर्यास्तानंतर औषध न घेण्याचा नियम असल्यास तो डॉक्टरांना स्पष्ट सांगावा. दिवसातून दोनदाच घ्यायची औषधे पुष्कळदा उपलब्ध असतात. आपल्या मनाने मात्र एकही मात्रा गाळू नये. पूर्ण भूल द्यायची असेल तेव्हा उलट उपाशी राहावे लागते; त्याची वेळ डॉक्टरच सांगतात.

दुसरा प्रश्न शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या पदार्थांचा. आपल्यापैकी थोड्यांनाच हे ठाऊक असते की रक्त थांबवण्यासाठी ठेवला जाणारा जिलेटिनचा स्पंज प्राणिजन्य असतो. कॅटगट नावाचा विरघळणारा धागा जनावराच्या आतड्यापासून आणि रेशमी धागा कोशातून येतो. हाड भरण्यासाठीची काही भुकटी गाईबैलांच्या हाडांपासून बनते. आणि अनेक कॅप्सूलांचे कवच जिलेटिनचे असते. प्रत्येकाला पर्याय आहे. स्पंजऐवजी वनस्पतिजन्य सेल्युलोजची जाळी, कॅटगट वा रेशमाऐवजी कृत्रिम धागा, हाडासाठी रुग्णाचेच हाड अथवा प्रयोगशाळेत बनवलेले कॅल्शियम फॉस्फेट, आणि कॅप्सूलऐवजी गोळी. ही चौकशी शस्त्रक्रियेच्या खुर्चीवर बसून करू नये. पहिल्या भेटीतच करावी. जीव संकटात असता मात्र या प्रश्नांत वेळ दवडू नये.

ही विचारणा नवी नाही. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला, तो मद्य, मांस व मध टाळून औषधयोजना सांगणारा म्हणूनच ओळखला जातो. तो 1940 मध्ये आपल्या सोलापुरातून छापून प्रसिद्ध झाला. अहिंसा पाळून आरोग्य राखता येते, हा त्यामागचा विश्वास. उपचार टाळावा असे मात्र त्या आचार्यांनी सांगितलेले नाही. सांगायचे असते तर वैद्यकग्रंथ कशाला लिहिला असता?

आधी आणि नंतर

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण, औषधाची वावडी यांची माहिती आधीच द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून सांगावे; अशा रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट हमखास विसरली जाते.

दात काढल्यावर कापसाची घडी अर्धा-पाऊण तास दाबून धरावी. पहिले चोवीस तास गुळण्या करू नयेत, जोराने थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये; खाचेत बसलेली रक्ताची गुठळी हीच तेथली मलमपट्टी असते. ती निसटली तर दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. तसे झाल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जावे. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून थांबून थांबून बर्फ धरावा. आहार मऊ व निवळलेला असावा: मऊ भात, मुगाचे वरण, तांदळाची पेज, दुधी भोपळ्याची भाजी. दुसऱ्या दिवसापासून उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून हलक्या गुळण्या कराव्यात आणि बाकीचे दात नेहमीप्रमाणे घासावेत.

कळव्याहून कोठे जावे

आपल्या जवळच्या दंतवैद्याकडे पहिली तपासणी करून घ्यावी. कळव्यातच ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. सूज व श्वासाच्या तातडीच्या तक्रारीसाठी ते सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय. दंतोपचारांसाठी माफक खर्चाची जुनी ठिकाणे मुंबईत आहेत. कळव्याहून धीम्या लोकलने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने नेरूळलाही दंत महाविद्यालय गाठता येते. अशा ठिकाणी रांग असते, एका कामासाठी दोन-तीन फेऱ्या पडतात. परंतु अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम होते. मुखातील संशयास्पद व्रणासाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून कार्यरत आहे.

परवाच अण्णा इमारतीच्या जिन्यात भेटले. यंदाच्या पर्वाआधी महिनाभर त्यांनी स्वतःचे आणि काकूंचे दात तपासून घेतले होते. काकूंची एक दाढ किडलेली निघाली. ती भरण्यावरच भागले. “पर्वाची तयारी म्हणजे मंदिराची साफसफाई, तशी तोंडाचीही,” अण्णा हसून म्हणाले. चातुर्मासाच्या आधी प्रत्येक घराने एवढा एक नियम स्वीकारला, तर पर्वकाळात कुणालाही मध्यरात्री रुग्णालयाची पायरी चढावी लागणार नाही.